पाणी कोण उचलणार

अक्कांना बुडबुड्यांचा राग होता. माशांची पेटी म्हटली की लोकांना आधी बुडबुडे आठवतात आणि मग मासे. कँटोन्मेंटातल्या एका हॉटेलात अशी पेटी होती, तिच्यापुढे माणसं उभी राहत ती वर वर जाणारी मोत्यांची माळ बघायला. अक्का तिच्यापुढे उभ्या राहिल्या की त्यांच्या कपाळाला आठ्या पडत. "नुसता वारा सोडलाय. आतल्या झाडांनी खायचं काय?" असं म्हणून त्या पुढे चालू लागत. हॉटेलात आपण कॉफी प्यायला आलो होतो हे त्यांच्या लक्षातही नसे, आणि माझी कॉफी बुडे.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या नणंद. मी निपाणीहून लग्न होऊन बंगळुरात आले तेव्हा त्यांना वन्सं म्हणायला लागले, तर घरातले सगळे हसले. हे घराणं किती पिढ्यांपूर्वी इकडं आलं ते कुणालाच धड सांगता येत नव्हतं, पण मराठी सोडली नव्हती. मराठी म्हणजे अशी, की भाजी नको असेल तर 'बेडा', पोट भरलं तर 'साकु', आणि कुठलीही गोष्ट मान्य असेल तर 'सरी'. सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणत आणि नणंदेला अक्का. महिन्याभरात मीही 'सरी' म्हणायला लागले. त्या घरात हा एक शब्द आला की बाकी फारसं काही बोलावं लागत नसे.

अक्का शिकलेल्या होत्या. वनस्पतिशास्त्र घेऊन बी. एस्सी. झाल्या होत्या आणि मुलींच्या एका कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर होत्या. सासूबाई आधीच गेलेल्या. मग अण्णांना अर्धांगाचा झटका आला, डावी बाजू गेली, तेव्हा अक्का चार दिवसांची रजा टाकून घरी आल्या. ती रजा कधी संपली ते कुणी विचारलं नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा राजाजीनगरातल्या त्या नव्या घराच्या हॉलमध्ये अण्णांची खाट होती, खाटेशेजारी अक्कांची खुर्ची होती, आणि दोन्ही गोष्टी तिथं जन्मापासून असाव्यात तशा दिसत होत्या.

पेटी आमच्या ह्यांनी केली. हे एका कारखान्यात फिटर होते, हाताला कला होती. अण्णांना दिवसभर छताकडे बघून कंटाळा येतो, त्यांच्यापुढे काही हलतं ठेवा, असं डॉक्टरांनी सुचवलं, म्हणून ह्यांनी लोखंडी पट्ट्यांची चौकट करून, काचा बसवून, पुट्टी भरून माशांची पेटी केली आणि खाटेच्या पायथ्याशी खिडकीखाली ठेवली. मासे अण्णांसाठी होते. अक्कांनी त्यात हेसरघट्ट्याच्या तळ्यातल्या पाणवनस्पती लावल्या, आणि पेटी कधी अक्कांची झाली ते आम्हाला कळलंच नाही.

पाण्यातली झाडंही पाण्यातला कर्बवायू खाऊन वाढतात, हे अक्का कॉलेजात मुलींना शिकवत. आता शिकवायला मुली नव्हत्या, म्हणून त्यांनी मला शिकवलं. अण्णांच्या आजारपणातली सलाइनची रिकामी बाटली होती, तिच्यात गुळाचं पाणी आणि बेकरीतलं यीस्ट घालून त्यांनी बूच लावलं. बुचातून रबरी नळी काढली आणि ती पेटीत उपड्या बुडवलेल्या काचेच्या वाटीखाली सोडली. गूळ आंबला की वायू येई आणि वाटीखाली साठून सावकाश पाण्यात मुरे. दिवेलागणीला नळी काढून घ्यायची, कारण अंधारात झाडं तो वायू खात नाहीत आणि सकाळी मासे तोंड वर काढून धापा टाकतात. घरात ताडीसारखा वास सुटे. शेजारच्या बाई एकदा मला बाजूला घेऊन विचारून गेल्या, की तुमचे यजमान तसे नाहीत ना. पण झाडं अशी तरारली की दुपारच्या उन्हात पानापानावर प्राणवायूचे बारीक मणी चमकत, आणि अक्का पदराला हात पुसत नुसत्या बघत राहत.

फिल्टरची गरज निघाली ती अण्णांच्या नाकामुळे. पाणी वास मारतं, असं त्यांचं म्हणणं पडलं. मग फिल्टर शोधायची मोहीम सुरू झाली आणि ती एखाद्या लाडक्या मुलीसाठी स्थळ बघावं तशी लांबली. खुद्द अक्कांसाठी कुणी इतकी स्थळं बघितली नव्हती, हे मला तेव्हाही जाणवलं होतं. कँटोन्मेंटातल्या शोभेचे मासे विकणाऱ्या म्हाताऱ्याने आधी एक काचेची डबी दिली. आत कापूस आणि कोळसा, आणि ती चालवायला हवेचा पंप. पंप लावला तसे अण्णा ओरडले, की डोक्यात भुंगा शिरलाय, बंद करा. अक्कांनाही ती डबी नकोच होती. गोटी सोडा ढवळला की त्याचा जीव जातो, तसं हवेच्या बुडबुड्यांनी पाणी ढवळलं की सगळा वायू उडून जातो, हे त्यांचं दुखणं. दुसरा प्रकार वाळूखाली अंथरायच्या भोकाच्या पत्र्याचा. तोही हवेवरच चालायचा. मग म्हाताऱ्याने एका परदेशी मासिकातलं चित्र दाखवलं. बंद डबा, त्यावर छोटी मोटर. पाणी नळीने आत जातं आणि दुसऱ्या नळीने गुपचूप पेटीत परत येतं, हवेचा संबंधच येत नाही. अक्कांनी ते चित्र बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "करंट लागतो ना?" आणि मासिक मिटून त्याला परत दिलं.

करंटची गोष्ट अशी, की अण्णा वीजखात्यातून रिटायर झालेले होते. विजेवर जन्म काढलेल्या माणसाचा विजेवर काडीचा विश्वास नव्हता. घर झोपलं की तारांतून आग येते, अशी त्यांची पक्की समजूत होती. म्हणून रात्रीची जेवणं उरकली की मेन स्विच पाडायचा. अर्धांग झाल्यावर ते काम अक्कांकडे आलं. स्विच पडल्याचा आवाज ऐकल्याशिवाय अण्णा डोळे मिटत नसत.

तेव्हा फिल्टर हवा तो आवाज न करणारा, बुडबुडे न सोडणारा आणि विजेवर न चालणारा. असा फिल्टर जगात नव्हता, म्हणून अक्कांनी तो स्वयंपाकघरात केला. एका मडक्याला बुडाशी भोक पाडलं, आत फडकं, कोळसा, वाळू आणि खडे यांचे थर दिले, आणि ते पेटीच्या वर लाकडी घडवंचीवर बसवलं. पेटीतलं पाणी एका बारीक नळीने थेंबाथेंबाने खाली झाकलेल्या बादलीत उतरे. ती बादली उचलून मडक्यात ओतायची. मडक्यातून गाळलेलं पाणी दुसऱ्या नळीने पेटीत, पाण्याच्या पोटातच परत जाई, वर तरंगसुद्धा उठत नसे. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा बादली उचलायची, एवढंच काम. पाणी आरशासारखं झालं. अण्णांना वास येईना. अक्कांचा जीव भांड्यात पडला.

तेव्हापासून अक्कांच्या तोंडी एक वाक्य बसलं. चुलतभावाचं लग्न आनेकलला होतं, मुक्कामाला चला म्हणून बोलावणं आलं, तर अक्का म्हणाल्या, "आणि पाणी कोण उचलणार?" मैत्रीण मैसूरला दसरा बघायला बोलावत होती, तिलाही तेच. मी म्हटलं, मी उचलेन की, त्यात काय मोठंसं. तर म्हणाल्या, "तुला ओतता येत नाही गं. तू भसकन ओततेस." मी भसकन ओतत असे हे खरं आहे. मी सगळंच भसकन करते. पण माझ्या हातून एकही मासा मेला नव्हता, हेही तितकंच खरं.

एकदा त्यांच्या कॉलेजातल्या जुन्या प्राध्यापक बाई पेटी बघायला आल्या. चष्मा पुसून पुसून त्यांनी ती उपडी वाटी बघितली, मडकं बघितलं, लालसर पानांचं एक झुडूप बघितलं जे म्हणे पेटीत सहसा जगत नाही. अक्का त्यांना सगळं समजावून सांगत होत्या आणि मी दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होते. मी लग्न होऊन आल्यापासून अक्कांना इतकं बोलताना पहिल्यांदाच ऐकत होते. त्यांचा आवाज वेगळा होता, खणखणीत, वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. जाताना बाई म्हणाल्या, की धारवाडच्या मुलींच्या कॉलेजात जागा निघाली आहे, राहायला खोली मिळेल, मी शब्द टाकते. अक्का हसल्या. म्हणाल्या, "बघते, बाई. पाणी कोण उचलणार?"

बाईंना तो विनोद वाटला. अण्णांना वाटला नाही. बाई गेल्यावर ते पेटीकडे बघत म्हणाले, "अक्का गेली तर मासे मरतील." एवढंच म्हणाले. आणि पुढचे कितीतरी दिवस, कुणी धारवाडचं नाव काढलं की अण्णा तेच म्हणत. मला कोण बघणार, असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही. मासे मरतील. जसं काही आम्ही सगळे त्या माशांपायी जगत होतो. अण्णा दुष्ट नव्हते. मला सुरुवातीला तसं वाटायचं, पण ते घाबरलेले होते, आणि घाबरलेलं माणूस घरात असलं की बाकीच्यांना खिडकी उघडायचीही चोरी होते. त्या हॉलमध्ये मला कधीकधी खरंच श्वास पुरत नसे. अण्णांना अक्कांनी धरलेलं, अक्कांना अण्णांनी धरलेलं, आणि दोघांच्या मधे ती हिरवीगार पेटी.

आमच्या ह्यांना मात्र अण्णांचं ते वाक्य लागलं. बोलून दाखवणारा माणूस नव्हे तो. मासेवाल्याकडून ते मासिक मागून आणलं आणि कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत बसून तसला डबा तयार केला. पत्र्याचा गोल डबा, आत कोळसा आणि वाळू, वर शिवणयंत्राच्या मोटरीपेक्षा लहान मोटर. तेवढ्यासाठी मीटरपासून वेगळी तार ओढली, म्हणजे मेन स्विच पाडला तरी डबा चालू राहील, आणि त्या तारेला वेगळा फ्यूज, म्हणजे अण्णांना तोंड उघडायला जागा नको. रविवारी सकाळी डबा लावला. अण्णा कान टवकारून पडले होते. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "लावला की नाही?" हे म्हणाले, लावून झालाय. आवाज नव्हता. बुडबुडा नव्हता. अण्णांनी तोंड फिरवलं.

मला वाटलं, सुटलो. पण अक्कांनी खुसपटं काढायला सुरुवात केली. सांध्यातून एक हवेचा कण येतो, म्हणाल्या. ह्यांनी रबराचा वायसर घातला. पाण्याला जोर जास्त आहे, झाडं वाकतात. ह्यांनी नळीला चिमटा लावला. मोटरीने पाणी कोमट होतं. ह्यांनी मोटर वर उचलून घेतली. एवढं सगळं होऊनही अक्कांनी मडकं हलवलं नव्हतं. डबा चालू असतानाच त्या सकाळ-संध्याकाळ बादली उचलत होत्या. गाळलेलं पाणी परत गाळत होत्या. धारवाडला कळवायची वेळ जवळ येत चालली होती, आणि प्राध्यापक बाईंनी दोनदा निरोप पाठवला होता.

एका दुपारी अण्णा झोपले होते. अक्का मडक्यातली वाळू काढून धूत होत्या आणि मी बाजूला तांदूळ निवडत होते. माझ्याने राहवलं नाही. मी म्हटलं, "अक्का, डबा चांगला चाललाय. तुम्हाला त्यात दोष सापडत नाहीये, तुम्ही तो शोधताय."

त्यांनी हात थांबवला नाही. वाळूतून गढूळ पाणी निघत होतं, ते नितळ होईपर्यंत त्या धूत राहिल्या. मग म्हणाल्या, "तो चांगला आहे हे मला पहिल्या दिवशीच कळलंय, सुधा. तो चालला तर मला जावं लागेल."

"मग जा की."

"स्वल्प थांब," असं म्हणून त्या उठल्या. मडकं पालथं घालून उन्हात ठेवलं. ते तिथेच राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बादली उचलली नाही.

ते अण्णांच्या लगेच ध्यानात आलं. खाटेवरून त्यांना सगळं दिसे. चहा पिता पिता ते म्हणाले, की बादली तशीच आहे. अक्का त्यांच्या खाटेशी खुर्चीवर बसल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "मी धारवाडला हो म्हणून कळवणार आहे, अण्णा. मासे मरणार नाहीत. डबा आहे. नळी लावायची-काढायची ती सुधा करेल."

अण्णा पेटीकडे बघत राहिले. उजव्या हाताने चादर चाचपत होते. मग म्हणाले, "मला कोण उचलणार?"

इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी खरं बोलून टाकलं होतं. हॉलमध्ये आम्ही तिघं होतो, आणि हे दाढी करता करता दारात येऊन उभे राहिले होते. अक्कांचा चेहरा उतरला. अजून एक क्षण गेला असता तर त्यांनी 'सरी' म्हटलं असतं, हे मला अगदी स्पष्ट दिसत होतं.

"मी उचलेन," मी म्हटलं.

हे मी मोठ्या मनाने म्हटलं असं कुणी समजू नये. कुणी तोंडातून ब्र काढत नव्हतं, आणि ती शांतता मला सहन होत नव्हती. माझी जीभ नेहमीच माझ्या पुढे धावते. अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं, की ही भसकन ओतणारी मला काय उचलणार. पण नाही म्हणाले नाहीत.

अक्का निघाल्या त्या दिवशी मी त्यांची ओटी भरली. कुमारिकेची ओटी भरत नाहीत, आणि नोकरीला निघालेल्या बाईची तर कुणीच भरत नाही. शेजारच्या बाईंनी भुवया वर केल्या. पण घरातली मुलगी घर सोडून जात होती आणि तिला मोकळ्या पदराने पाठवायचं माझ्या जिवावर आलं. अक्कांनी नारळ पदरात घेतला, अण्णांच्या पायाला हात लावला, आणि मग पेटीपाशी जाऊन मला म्हणाल्या, "वाटीखाली वायू जास्त झाला तर नळी स्वल्प वर घे." त्यांचे डोळे भरून आले होते. माझेही आले होते, पण मी त्यांना सांगितलं, की आता निघा, गाडी चुकेल.

त्यांनी जाण्यापूर्वी अण्णांना उचलायचं मला शिकवलं होतं. त्यांचा उजवा हात आपल्या मानेभोवती घ्यायचा, गुडघे वाकवायचे, आणि त्यांच्या कानाशी 'चला' म्हणून मगच जोर लावायचा. न सांगता उचललं की ते घाबरत. मी बरीच वर्षं 'चला' म्हणत राहिले. मासे जगले, काही म्हातारे होऊन मेले, नवे आले. त्या वर्षांत मी निपाणीला माहेरी गेले ती दोनदा, तीही सकाळी जाऊन दुसऱ्या दिवशी परत. अक्का सुट्टीत यायच्या आणि आल्या की पदर खोचून अण्णांचं सगळं करायच्या. तेवढे दिवस मी माडीवर जाऊन झोपायचे, दिवसाढवळ्या, मेल्यासारखी. मला त्यांचा राग यायचा. त्या परत जायला निघाल्या की रडूही यायचं, आणि ते रडू त्यांच्यासाठी होतं की माझ्यासाठी, ते मी कधी नीट बघितलं नाही.

अण्णा गेले. दिवसकार्य आटोपल्यावर अक्का म्हणाल्या, "आता तू चल माझ्याकडे." मी गेले. धारवाडची त्यांची खोली लहान, स्वच्छ, खिडकीत पुस्तकं. पेटी कुठेच नव्हती. मी विचारलं, की इथे मासे नाही का पाळले. त्या म्हणाल्या, "नाही गं. इथं मला संध्याकाळी बाहेर जाता येतं."

मी त्यांच्याशी भांडायचं ठरवून गेले होते. काय काय बोलायचं ते गाडीत बसून पक्कं केलं होतं. त्या वाक्यापुढे त्यातलं एकही मला आठवेना, कारण ती संध्याकाळ त्यांना मिळावी असं मलाच वाटलं होतं.

चहा झाला. ऊन उतरलं. अक्कांनी साडी बदलली, चपला घातल्या, कुलूप-किल्ली हातात घेतली आणि मला विचारलं, "कुठं जायचं सांग. तू म्हणशील तिकडं जाऊ."

मी पदर सारखा करून उभी राहिले. कुठे जायचं ते मला कुणी कितीतरी वर्षांत विचारलं नव्हतं. मी खूप विचार केला. मला एकही जागा सुचेना, आणि अक्का कुलूप हातात घेऊन दारात वाट बघत उभ्या होत्या.